टेक्सासमध्ये क्रिमिनल जस्टिसची दोन वर्षांची पदवी: साठ क्रेडिट कशी जुळवायची

बारावीतली मुलगी 'मला पोलिसात जायचंय' म्हणते, तेव्हा इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या प्रवेशाची खडान्‌खडा माहिती असलेल्या आईवडिलांना काय सांगावं हेच कळत नाही. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनच्या परिसरात आता अशी मराठी घरं बरीच आहेत. अमेरिकेत पोलीस, तुरुंग आणि न्यायालय या क्षेत्रात शिरायची एक जुनी, स्वस्त आणि भक्कम वाट कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजमधून, जाते. तिथे 'असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स' म्हणजे एएएस ही दोन वर्षांची पदवी मिळते, विषय क्रिमिनल जस्टिस. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, म्हणून मी इथे टेक्सासचंच धरून लिहितो आहे.

पदवीला साधारण साठ क्रेडिट, म्हणजे विषयाच्या तासांवरून मोजले जाणारे श्रेयांक, लागतात. साठ क्रेडिट गोळा करणं मुळीच अवघड नाही. अवघड आहे ती नेमकी कुठली साठ हे सुरुवातीलाच ठरवणं. सत्तर-पंचाहत्तर क्रेडिट झालेली आणि तरीही पदवी हाती नसलेली मुलं असतात, आणि त्यांचं बहुधा इथेच चुकलेलं असतं.

आधी शेवट ठरवा

कॉलेजच्या यादीत क्रिमिनल जस्टिस नावाच्या दोन-तीन पदव्या दिसतील. असोसिएट ऑफ आर्ट्‌स किंवा असोसिएट ऑफ सायन्स ही पदवी पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी आखलेली असते. एएएस ही कामाला लागण्यासाठी आखलेली असते. एएएसमध्ये सामान्य शिक्षणाचे विषय कमी आणि प्रत्यक्ष कामाचे विषय जास्त. त्यामुळे नंतर बॅचलर करायचं ठरलं तर एएएसची सगळी क्रेडिट कुठलंही विद्यापीठ उचलून घेईलच असं नाही. दारं बंद होतात असंही नाही: टेक्सासमध्ये 'बॅचलर ऑफ अप्लाइड आर्ट्‌स अँड सायन्सेस' नावाची पदवी अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे आणि नॉर्थ टेक्सास, टेक्सास स्टेट यांसारखी विद्यापीठं ती देतात. हंट्सव्हिलच्या सॅम ह्यूस्टन स्टेट विद्यापीठाचं क्रिमिनल जस्टिस कॉलेज तर देशभर नावाजलेलं आहे. राज्याच्या तुरुंग खात्याचं मुख्यालयही त्याच गावात आहे.

म्हणून आधी नोकरी कुठली हवी ते बोला. शहर पोलीस, शेरिफचं कार्यालय, काउंटी जेल, ९११ चा डिस्पॅचर (आपत्कालीन फोन घेऊन मदत पाठवणारा), कोर्टातलं कारकुनी काम, खासगी सुरक्षा यांतलं काही डोक्यात असेल तर एएएस चांगली. प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) व्हायचं असेल तर टेक्सासमध्ये बॅचलर लागते. एफबीआयचा स्पेशल एजंट व्हायचं असेल तर बॅचलर लागतेच, शिवाय किमान वय २३. ही दोन स्वप्नं असतील तर पहिल्या दिवसापासून असोसिएट ऑफ आर्ट्‌सकडे वळा, किंवा एएएस करायचीच असेल तर पुढच्या विद्यापीठाशी आत्ताच बोलून ठेवा.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. टेक्सासमध्ये पोलीस होण्यासाठी राज्याचा कायदा ही पदवी मागत नाही. लायसन्स देणारी संस्था म्हणजे टेक्सास कमिशन ऑन लॉ एन्फोर्समेंट. सगळे तिला टीकोल म्हणतात. टीकोलच्या नियमात लायसन्ससाठी वय २१ पूर्ण हवं. पण असोसिएट पदवी किंवा साठ सेमिस्टर क्रेडिट असतील तर १८ व्या वर्षीही लायसन्स मिळू शकतं. म्हणजे विसाव्या वर्षी पदवी हातात आलेल्या मुलीला एकविसाव्या वाढदिवसाची वाट पाहायला नको. अर्थात त्यापुढे प्रत्येक पोलीस खात्याची स्वतःची अट असते आणि काही खाती एकविसाखालच्यांना घेतच नाहीत. आपल्या शहराच्या भरतीचं पान आधी वाचा.

पैसे भरण्याआधी तपासायच्या दोन गोष्टी

पहिली, नागरिकत्व. पोलिसाच्या लायसन्ससाठी सर्वसाधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. मुलगा एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर तो ही पदवी घेऊ शकेल, पण तिच्या जोरावर पोलिसात लागू शकणार नाही. शिवाय २१ व्या वर्षी एच-४ सुटतो तो प्रश्न वेगळाच. ग्रीन कार्ड असलेलं मूल अठराच्या आत असताना, त्याच्याबरोबर राहणारे आई किंवा वडील नागरिक झाले तर मूल आपोआप नागरिक होतं. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. महाराष्ट्रातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येऊन ही पदवी घेण्याचा विचार कुणी करत असेल, तर माझं मत आहे की करू नये. पैसे परदेशी विद्यार्थ्याच्या दराने जातात, इथे पोलिसात जाता येत नाही, आणि परत गेल्यावर दोन वर्षांची असोसिएट ही आपल्याकडच्या बी.ए., बी.एस्सी.च्या बरोबरीची धरली जात नाही. त्यामुळे पीएसआयसारख्या पदवी मागणाऱ्या परीक्षांनाही ती चालणार नाही.

दुसरी, मुलाचं रेकॉर्ड. टीकोलच्या नियमानुसार क्लास ए मिसडिमिनर (कमी गंभीर गुन्ह्यांतला सर्वांत वरचा वर्ग) किंवा त्याहून मोठ्या गुन्ह्यात कधीही दोषी ठरलेल्याला पोलिसाचं लायसन्स नाही. त्याखालचा क्लास बी असेल तर दहा वर्षं नाही. घरगुती हिंसाचाराचा गुन्हा असेल तर दार कायमचं बंद. आणि टेक्सासमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हासुद्धा किमान क्लास बी असतो. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी एका पार्टीनंतर गाडीत बसलं की एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वाट बंद. 'डिफर्ड' (दोषी ठरवणं लांबणीवर टाकून देखरेखीखाली ठेवणं) मिळालं, शिक्षा झाली नाही, असं समजून पालक निर्धास्त होतात. पण न्यायालयाच्या देखरेखीखाली राहणंही याच नियमात धरलं जातं. कोलोरॅडोच्या दुकानात उघड मिळणारी गांजाची गोळी टेक्सासात खिशात सापडली तर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, लागू शकते. अशा गोष्टी मुलांना ओरडून नव्हे, नियम दाखवून सांगाव्यात. ज्याला खरोखर पोलिसात जायचं आहे तो ऐकतो.

कॉलेज मात्र प्रवेश देताना यातलं बहुधा काही विचारणार नाही. पदवी मिळेल आणि लायसन्स मिळणार नाही, असं होऊ शकतं.

प्रवेश

कम्युनिटी कॉलेजात प्रवेश खुला असतो. हायस्कूलचा डिप्लोमा किंवा जीईडी (त्याच्या बरोबरीची परीक्षा) पुरतो. अर्ज बहुतेक ठिकाणी 'अप्लाय टेक्सास' या राज्याच्या संकेतस्थळावरून करता येतो. हायस्कूलचा अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांची नोंद) पाठवायचा. बारावी भारतात झाली असेल तर गुणपत्रिकांचं मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागू शकतं. त्याला आठवडे लागतात, म्हणून ते काम सर्वांत आधी सुरू करा.

मेनिंजायटिसची लस हा दरवर्षी कुणाला ना कुणाला अडवणारा मुद्दा आहे. २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याने वर्ग सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी ती घेतलेली असावी लागते, आणि ती मागच्या पाच वर्षांतली हवी. पुरावा जमा झाला नाही तर विषयांची नोंदणीच उघडत नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी घेतलेला डोस इथे चालणार नाही. शाळेच्या वेळचा नंतरचा डोस कधीचा आहे ते तारखेनिशी पाहा.

मग टीएसआय. इंग्रजी आणि गणितात कॉलेजच्या पातळीवर आहात की नाही, हे ठरवणारी ही राज्याची चाचणी. सध्याच्या चाचणीत गणिताला ९५० आणि इंग्रजीला ९४५ गुण, शिवाय निबंधाला ५ हवेत. एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजीला ४८० आणि गणिताला ५३० असतील तर त्या त्या भागातून सूट मिळते. कमी गुण आले तर प्रवेश नाकारला जात नाही, पण जोडीला पूरक वर्ग घ्यावे लागतात. त्यांची फी जाते, वेळ जातो आणि ती क्रेडिट पदवीत मोजली जात नाहीत. म्हणून 'नुसती प्लेसमेंट टेस्ट आहे' म्हणत तयारीशिवाय जाऊ नका. चाचणीआधीची जी छोटी ऑनलाइन माहितीफेरी बंधनकारक असते ती करा आणि आठवडाभर नमुना प्रश्न सोडवा.

फी आणि मदत

टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांचे दर तीन पातळ्यांवर असतात: कॉलेजच्या करक्षेत्रात राहणारे, त्याबाहेरचे टेक्सासवासी, आणि राज्याबाहेरचे किंवा परदेशी. पहिल्या आणि तिसऱ्या पातळीत जमीन-अस्मानाचा फरक. फ्रिस्को-प्लेनोचं कॉलिन काउंटीतलं घर कॉलिन कॉलेजच्या क्षेत्रात, डॅलस काउंटीतलं घर डॅलस कॉलेजच्या. पत्त्याचा पुरावा नीट दिला नाही तर महागडा दर लागतो आणि नंतर तो बदलून घ्यायला दमछाक होते.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनी एफएएफएसए हा केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरावाच, उत्पन्न जास्त वाटत असलं तरी. २०२५-२६ साठी पेल ग्रँट या केंद्राच्या अनुदानाची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे आणि ती फेडावी लागत नाही. मदत टिकवण्यासाठी साधारणपणे घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पूर्ण हवीत, जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) २.० हवा, आणि पदवीच्या दीडपटीपेक्षा जास्त क्रेडिट वापरता येत नाहीत. साठच्या पदवीला ही मर्यादा नव्वद होते.

केंद्राची मदत फक्त पदवीच्या आराखड्यातल्या विषयांना मिळते. आवड म्हणून घेतलेला फोटोग्राफीचा विषय त्यात मोजला जात नाही.

साठ क्रेडिटचा हिशेब

आता मुख्य काम. कॉलेजच्या कॅटलॉगमधून आपल्या पदवीचं पान छापून घ्या. तुम्ही ज्या वर्षी दाखल झालात त्या वर्षीचा कॅटलॉग तुम्हाला लागू होतो. पुढच्या वर्षी विषय बदलले तरी तुमचा करार जुन्या पानाशी असतो, ठरावीक मुदतीपर्यंत. ते पान जपून ठेवा.

टेक्सासच्या विषयक्रमांकांना अर्थ असतो, तो एकदा समजला की सगळं पान वाचता येतं. 'सीआरआयजे १३०१' घ्या. सीआरआयजे म्हणजे क्रिमिनल जस्टिस. चार आकड्यांतला पहिला, १, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पातळीचा विषय. दुसरा, ३, म्हणजे तीन क्रेडिट. शेवटचे दोन आकडे ही त्या विषयाची ओळख. हे क्रमांक राज्यभर सारखे, त्यामुळे ह्यूस्टनला केलेला १३०१ डॅलसला ओळखला जातो. सीआरआयजेऐवजी सीजे अक्षरांनी सुरू होणारे दुसरे काही विषय दिसतील, म्हणजे सीजेएसए किंवा सीजेएलई. ते कामाच्या प्रशिक्षणाचे विषय. एएएसला ते चालतात, विद्यापीठात बदली करताना बहुधा अडतात. बॅचलरची थोडी जरी शक्यता असेल तर निवडीची जागा आली की सीआरआयजे घ्या.

साठपैकी किमान पंधरा क्रेडिट सामान्य शिक्षणाची असतात: इंग्रजी निबंधलेखन, मानव्यविद्या किंवा ललितकलेतला एक विषय, सामाजिक शास्त्रातला एक, गणित किंवा विज्ञानातला एक, आणि वर एखादा. इंग्रजी १३०१ आणि सरकार २३०५ हे विषय हायस्कूलमध्येच ड्युअल क्रेडिटने (शाळेत असतानाच कॉलेजचंही क्रेडिट मिळवून) झालेले असतील तर सहा क्रेडिट खिशात. उरलेला मोठा भाग क्रिमिनल जस्टिसचा: प्रास्ताविक १३०१, न्यायालयांची रचना १३०६, फौजदारी कायद्याची मूलतत्त्वं १३१०, तुरुंगव्यवस्था २३१३, गुन्ह्याचा तपास २३१४, पोलीसव्यवस्था २३२८, पोलिसी कामाची कायदेशीर बाजू २३२३. बालगुन्हेगारी न्यायाचा १३१३ हा विषय ऐच्छिक असला तरी घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. शाळांमध्ये नेमल्या जाणाऱ्या पोलिसांना त्याची रोज गरज पडते.

वेळेचं गणित असं. साठ भागिले चार सत्रं म्हणजे सत्राला पंधरा क्रेडिट, पाच विषय. पण आर्थिक मदतीच्या दृष्टीने बारा क्रेडिट म्हणजे 'पूर्णवेळ' विद्यार्थी. त्यामुळे सल्लागारही कधी कधी बारावर थांबतात आणि मूलही खूश असतं. बारा चोक अठ्ठेचाळीस. दोन वर्षं संपतात आणि बारा क्रेडिट उरतात. बाराच झेपत असतील तर दोन्ही उन्हाळ्यांत सहा-सहा क्रेडिट घ्या, हिशेब जुळतो.

झेपणं म्हणजे काय तेही मोजा. तीन क्रेडिटचा विषय सोळा आठवड्यांत ४८ तास वर्गात घेतो आणि घरी त्याच्या दुप्पट वेळ मागतो. पंधरा क्रेडिट म्हणजे आठवड्याला पंधरा तास वर्ग आणि तीस तास अभ्यास. त्यावर वीस तासांची नोकरी असेल तर तीन वर्षांचा आराखडा करा आणि त्यात कमीपणा मानू नका. कमी जीपीएने दोन वर्षांत उरकण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

वर्गात काय अपेक्षित असतं

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती लिहिण्यात. पोलिसाचं निम्मं काम रिपोर्ट लिहिण्याचं आहे आणि प्राध्यापक त्याची तयारी 'केस ब्रीफ' लिहायला लावून करून घेतात. सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचायचा आणि एका पानात चार गोष्टी मांडायच्या: काय घडलं, प्रश्न कोणता, निर्णय काय, कारण काय.

टेरी विरुद्ध ओहायो, १९६८, हा निकाल जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. तथ्यं अशी. ३१ ऑक्टोबर १९६३, क्लीव्हलंड. मॅकफॅडन नावाचा साध्या कपड्यातला डिटेक्टिव्ह, पोलिसात ३९ वर्षं काढलेला. दोन माणसं आळीपाळीने एका दुकानाच्या काचेपर्यंत जातात, आत डोकावतात, परत येऊन बोलतात. साऱ्या मिळून डझनभर फेऱ्या. तिसरा माणूस येऊन बोलून जातो. मॅकफॅडनला दरोड्याची तयारी वाटते. तो तिघांजवळ जातो, नावं विचारतो, उत्तर पुटपुटतं येतं. तो टेरीला वळवून कपड्यांवरून हात फिरवतो, कोटात पिस्तूल लागतं. प्रश्न: अटकेइतका पुरावा नसताना थांबवून असं चाचपणं, गैरवाजवी झडती आणि अटकेपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीत बसतं का? निर्णय: आठ विरुद्ध एक, बसतं. कारण: माणूस सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा वाजवी संशय अधिकाऱ्याला असेल आणि तो संशय त्याला ठोस गोष्टींनी सांगता येत असेल, तर शस्त्रापुरती बाहेरून झडती घेता येते.

ब्रीफ लिहिताना नवखा विद्यार्थी लिहितो, 'पोलिसाला माणसं संशयास्पद वाटली.' त्याला गुण मिळत नाहीत. 'दोघे आळीपाळीने त्याच काचेपाशी गेले, मिळून सुमारे डझनभर वेळा' असं लिहिणाऱ्याला मिळतात. उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात वकील विचारणार तोही हाच प्रश्न: तुम्ही नेमकं काय पाहिलं? या पदवीतून एकच गोष्ट पक्की शिकून घेता आली तर ही घ्यावी. 'वाटलं' आणि 'पाहिलं' वेगळं ठेवणारा पोलीस निरपराध माणसाला वाचवतो आणि खटलाही टिकवतो.

विषय सोडायची वेळ आली तर

कधी तब्येत, कधी घरचं काही, कधी विषयच जमत नाही. सोडायचं असेल तर तारीख महत्त्वाची. सोळा आठवड्यांच्या सत्रात बारावा वर्गदिवस हा गणनेचा दिवस असतो. त्याआधी सोडलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर येत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू, म्हणजे 'विषय सोडला' असा शेरा, येतो, आणि टेक्सासच्या सरकारी कॉलेजांमधून पदवीपूर्व शिक्षणात असे फक्त सहा डब्ल्यू चालतात, सगळ्या कॉलेजांचे मिळून. पुढे विद्यापीठात गेल्यावरही हाच हिशेब चालू राहतो. गंभीर कारण असेल तर सूट मागता येते, कागद जोडून. काहीही न सांगता वर्गात जाणं बंद करू नका. त्याचा एफ (नापास) होतो आणि आर्थिक मदतीचे पैसे परत मागितले जाऊ शकतात.

शेवटचं सत्र

टेक्सासच्या प्रत्येक एएएसमध्ये कामाची कौशल्यं आली आहेत हे सिद्ध करणारा एक घटक असतो. कुठे कॅपस्टोन (सगळं शिकलेलं एकत्र वापरायला लावणारा शेवटचा) विषय, कुठे इंटर्नशिप, कुठे लायसन्सची परीक्षा. इंटर्नशिप असेल तर पोलीस खातं किंवा कोर्ट आपली पार्श्वभूमी तपासतं, त्याला वेळ लागतो. आधीच्या सत्रातच अर्ज करा.

बदलून आणलेली क्रेडिट कितीही असली तरी पदवीच्या किमान २५ टक्के, म्हणजे साठपैकी पंधरा, त्याच कॉलेजात शिकलेली हवीत. जीपीए किमान २.० हवा. ऑनलाइन डिग्री ऑडिट (पदवीच्या कुठल्या अटी पूर्ण झाल्या त्याची यादी) उघडून एकेक ओळ पाहा. बाहेरून आणलेला विषय 'ऐच्छिक' रकान्यात पडला असेल आणि खरं तर तो सक्तीच्या विषयाच्या जागी जायला हवा असेल, तर विभागप्रमुखाकडून लेखी बदल करून घ्या. तोंडी 'हो, चालेल' हे ऑडिटमध्ये दिसत नाही.

आणि पदवीसाठी अर्ज करावा लागतो. साठ क्रेडिट झाली म्हणून ती आपोआप येतेच असं नाही. अर्जाची शेवटची तारीख बहुधा सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत असते. ग्रंथालयाचा दंड किंवा पार्किंगचं चलान थकलेलं असेल तर तेही फेडून टाका.

त्यानंतर अकादमी

पोलीस व्हायचं असेल तर पदवीनंतर, किंवा तिच्या आतच, बेसिक पीस ऑफिसर कोर्स, म्हणजे पोलिसाचं मूळ प्रशिक्षण, करावा लागतो. सातशेहून जास्त तासांचा. काही कॉलेजांची स्वतःची अकादमी असते, आणि तिथे अकादमीचे तास एएएसच्या क्रेडिटमध्ये धरले जातात. असं असेल तर अकादमीआधी कुठले विषय करायचे आणि कुठले करायचे नाहीत हे सल्लागाराला पहिल्याच भेटीत विचारा, नाहीतर तोच भाग दोनदा शिकला जातो. मोठी शहरं स्वतःच्या अकादमीत पगार देऊन शिकवतात. तशी भरती मिळत असेल तर स्वतःचे पैसे घालायची गरज नाही.

अकादमीनंतर टीकोलची लेखी परीक्षा, तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालं तर कोर्स पुन्हा. नेमणूक करणारं खातं डॉक्टरची आणि मानसतज्ज्ञाची तपासणी करून घेतं, शेजाऱ्यांपर्यंत चौकशी करतं. मुलीने आधीची प्रत्येक नोकरी, प्रत्येक पत्ता, प्रत्येक ट्रॅफिक तिकीट तारखेसह एका वहीत आत्तापासून लिहून ठेवलं तर त्या लांबलचक अर्जाच्या वेळी तिचे कितीतरी दिवस वाचतील. खोटं किंवा लपवलेलं सापडलं तर बहुतेक खाती तिथेच अर्ज बाजूला ठेवतात, मूळ गोष्ट कितीही किरकोळ असली तरी.